निवृत्तीनंतर कुठे राहावे: शहरात, गावी की मुलांकडे परदेशात?

मुंबईत तीस-पस्तीस वर्षे नोकरी झाली. निवृत्तीची तारीख जवळ आली. आरोंद्याला वडिलोपार्जित चिरेबंदी घर आहे, मागे चार कलमे आहेत, संध्याकाळी खाडीवरचा वारा आहे. शेजारी फोनवर म्हणतात, "आता गावाकच येऊन रवा." मुलगा कॅनडात आहे, तो म्हणतो, "बाबा, दोघेही इकडे या." मुलगी ठाण्याला आहे, ती म्हणते, "कुठेही जाऊ नका, तुमचे डॉक्टर इथे आहेत."

अशा घरात चर्चा बहुतेक पैशांची, घराच्या दुरुस्तीची आणि जमिनीच्या वाटण्यांची होते. तब्येतीचा विषय निघाला, तर "सध्या तरी सगळे ठीक आहे, पुढचे पुढे बघू" इथे तो संपतो. मात्र साठीनंतर हे 'पुढचे' फार लांब नसते. रक्तदाब, मधुमेह, गुडघे, हृदय, दृष्टी यांपैकी काही ना काही पुढच्या दहा-पंधरा वर्षांत लक्ष मागणारच असते. म्हणून राहण्याचे ठिकाण ठरवताना घरातल्या दोघांच्याही आरोग्याचा हिशेब आधी मांडायला हवा. तो कसा मांडायचा, हे या लेखात पाहू. उदाहरण म्हणून आम्ही सिंधुदुर्गातले आरोंदा घेतले आहे, पण हेच प्रश्न कोकणातल्या, किंबहुना कुठल्याही गावाला लागू होतात.

थोडक्यात महत्त्वाचे

- कुठलेही ठिकाण सगळ्यांसाठी चांगले किंवा वाईट नसते. तुमचा आजार आणि ते ठिकाण एकमेकांना जुळतात का, हे पाहा.
- रुग्णालयाचे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. पावसाळ्यातल्या रात्री दोन वाजता तिथे पोहोचायला किती मिनिटे लागतील, ते मोजा.
- परदेशात जाण्याआधी "तिथे आमच्या उपचाराचा खर्च कोण देणार?" या प्रश्नाचे लेखी उत्तर हातात हवे.
- निर्णय दोघांचा असला, तरी पुढे कधीतरी त्या घरात एकच जण राहणार आहे. त्या एकाला ते घर झेपेल का?
- मुंबईतले घर विकण्याआधी एक वर्ष तालीम करा, आणि त्यात जुलै महिना असू द्या.

आधी स्वतःची तब्येत मांडून बघा

कागदावर दोन रकाने करा, एक तुमचा आणि एक जोडीदाराचा. प्रत्येकाचे आजार, चालू गोळ्या, झालेल्या शस्त्रक्रिया आणि गेल्या दोन वर्षांत किती वेळा दवाखान्यात किंवा रुग्णालयात जावे लागले, ते लिहा. मग स्वतःला खालीलपैकी कुठल्या गटात ठेवता येईल ते बघा.

*पहिला गट:* रक्तदाब, मधुमेह किंवा थायरॉइड आहे, पण गोळ्यांवर नियंत्रणात आहे. तीन ते सहा महिन्यांनी तपासणी पुरते. अशा व्यक्तीला गावी राहायला वैद्यकीयदृष्ट्या सहसा अडचण नसते. फक्त औषधांचा आणि तपासण्यांचा क्रम तुटू देऊ नये.

*दुसरा गट:* हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, स्टेंट किंवा बायपास झाली आहे, पक्षाघात होऊन गेला आहे, दमा किंवा फुप्फुसांचा जुनाट आजार वारंवार उसळतो, कर्करोगाचा उपचार संपून पाठपुरावा सुरू आहे. अशांनी गावी राहू नये असे मुळीच नाही. पण निघण्याआधी आपल्या तज्ज्ञ डॉक्टरांशी खास याच विषयावर बोलायला हवे. "मला अचानक काय होऊ शकते आणि तेव्हा किती वेळात कुठे पोहोचायला हवे?" असा थेट प्रश्न विचारा.

*तिसरा गट:* डायलिसिस सुरू आहे, घरी ऑक्सिजन लागतो, केमोथेरपी चालू आहे, स्मृतिभ्रंशामुळे सतत लक्ष ठेवावे लागते. इथे उपचारांची जागा आधी ठरते, राहण्याची नंतर. हेमोडायलिसिस सहसा आठवड्यातून तीनदा असते, म्हणजे वर्षाला सुमारे दीडशे फेऱ्या. प्रत्येक फेरीला जाऊन-येऊन तीन तास लागत असतील, तर गावचे घर राहण्यासाठी उरतच नाही. काहींना घरी करता येणारे, पोटातून होणारे पेरिटोनियल डायलिसिस चालू शकते. तुम्हाला ते योग्य आहे का, हे मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारा.

बऱ्याचदा नवरा-बायको वेगवेगळ्या गटांत असतात. अशा वेळी निर्णय ज्याची तब्येत जास्त नाजूक आहे त्याच्या हिशेबाने करावा.

किलोमीटर नाही, मिनिटे मोजा

आरोंद्याहून सावंतवाडी साधारण वीस-पंचवीस किलोमीटरवर. शिरोडा त्याहून जवळ. किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा; तिथून पेडणे, म्हापसा करत बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे गोमेकॉ, पन्नासेक किलोमीटरवर. कागदावर हे अंतर फार नाही. मुंबईत अंधेरीहून परळला जायला यापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. पण मुंबईत वाटेत दहा रुग्णालये असतात आणि रात्री दोनलाही रिक्षा मिळते. गावात गाडी कोणाची, चालवणार कोण, वाटेत झाड पडले आहे का, हे प्रश्न येतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक आजारासाठी 'योग्य रुग्णालय' वेगळे असते. हे आधी माहीत असेल, तर ऐनवेळी चुकीच्या दिशेला गाडी जात नाही.

*हृदयविकाराचा झटका.* छातीत दाब किंवा जळजळ, हात-जबडा-पाठीत कळ, दरदरून घाम, धाप. मधुमेहींमध्ये आणि वयस्कर स्त्रियांमध्ये कधी कधी नुसती धाप, मळमळ किंवा अचानक आलेला गळाठा एवढेच लक्षण असते. अशा वेळी पहिली गरज ईसीजीची. अँजिओप्लास्टी निदानानंतर सुमारे दोन तासांत होणार नसेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या रुग्णालयात लगेच देऊन मग पुढे पाठवणे, ही मान्य पद्धत आहे. त्यामुळे ईसीजी आणि हे इंजेक्शन जिथे मिळते ते जवळचे रुग्णालय टाळून थेट 'मोठ्या' ठिकाणी जाण्यात मोलाचा वेळ जाऊ शकतो. अॅस्पिरिनची गोळी चावून घ्यायची का आणि किती मिलिग्रॅमची, हे तुमच्या डॉक्टरांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवा.

*पक्षाघात.* तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. इथे मात्र सीटी स्कॅनशिवाय उपचार सुरू करता येत नाही, कारण गुठळी झाली आहे की रक्तस्राव, हे बाहेरून कळत नाही. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून थेट तिथेच जा जिथे चोवीस तास सीटी स्कॅन आहे आणि हे उपचार होतात. रुग्ण शेवटचा व्यवस्थित कधी दिसला होता, ती वेळ लक्षात ठेवा. "सकाळपर्यंत बघू" हे वाक्य पक्षाघातात फार महागात पडते.

*सर्पदंश.* कोकणात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आढळतात. इथे गरज असते ती प्रतिविषाची, आणि ते शासकीय आरोग्य केंद्रात मिळते. तुमच्या जवळच्या केंद्रात ते आहे का आणि रात्री डॉक्टर असतात का, हे आधीच चौकशी करून ठेवा. दोरी आवळून बांधू नका, जखम कापू किंवा चोखू नका, हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा आणि निघा. मांत्रिकाकडे घालवलेला वेळ परत मिळत नाही.

*खुब्याचे हाड मोडणे.* हे लगेच जीवघेणे वाटत नाही, पण वयस्करांमध्ये फार गंभीर असते. शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावी लागते. उशीर झाला की न्यूमोनिया, पाठीला झोपून होणाऱ्या जखमा, पायांत गुठळ्या असे प्रश्न सुरू होतात.

आता एक काम करा. या चार प्रसंगांसाठी कुठे जायचे, ते चार ओळींत मोठ्या अक्षरात लिहा आणि फोनजवळ भिंतीवर लावा. शेजाऱ्यालाही एक प्रत द्या, कारण गाडी बहुधा तोच काढणार आहे.

पूल ओलांडला की राज्य बदलते

१९६१ पर्यंत तेरेखोल खाडीच्या पलीकडचा काठ खरोखरच परदेश होता. तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. आज पुलावरून गाडी सरळ जाते. तरीही उपचारांच्या बाबतीत ती सीमा थोडी शिल्लक आहे, आणि गावी राहायला येणाऱ्यांना ती माहीत असायला हवी.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातले रुग्ण अनेक वर्षे गोमेकॉवर अवलंबून आहेत. २०१८ च्या सुरुवातीपासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आकारणे सुरू झाले, तेव्हा या भागात मोठी नाराजी उमटली होती. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना ही किमान पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्यांसाठी आहे. आरोंद्याच्या पत्त्यावर ती मिळत नाही. महाराष्ट्रातल्या रहिवाशांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांसाठी आयुष्मान भारत योजनेत, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाले आहे. पण कुठले रुग्णालय कुठल्या योजनेत आहे आणि त्यात कुठला उपचार बसतो, हे बदलत राहते. तेव्हा आजारपण येण्याआधीच एकदा तिथल्या योजना कक्षात जाऊन विचारून या. सोबत आधार कार्ड आणि शिधापत्रिका न्या.

महाराष्ट्राच्या बाजूला सावंतवाडी आणि शिरोड्याची शासकीय रुग्णालये आहेत. ओरोसला सिंधुदुर्गचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. कुठल्या ठिकाणी कुठले तज्ज्ञ प्रत्यक्ष उपलब्ध आहेत, याची माहिती स्थानिक डॉक्टरांकडे सर्वांत ताजी असते.

आणखी एक व्यावहारिक सूचना. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दोन्ही राज्यांत आहे, पण यंत्रणा वेगवेगळ्या आहेत. सीमेजवळ मोबाइल पलीकडच्या टॉवरला जोडला गेलेला असू शकतो. म्हणून फोन करताना गावाचे नाव, वाडी, तालुका, जिल्हा आणि राज्य, सगळे सांगा. नुसते "आरोंदा, देवळाजवळ" एवढे पुरेसे नाही.

कोकणातला पावसाळा आणि तुमचा आजार

गणपतीत आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा दिवस येणारा चाकरमानी गाव ओळखतो, पण गावचा जुलै त्याच्या ओळखीचा नसतो. आरोग्याच्या दृष्टीने खरी परीक्षा तीच.

*पडणे.* खळ्यावर आणि पायऱ्यांवर शेवाळ धरते. जुन्या घरांचे उंबरठे उंच, न्हाणीघर मागच्या बाजूला, आणि वाटेत उजेड कमी. राहायला येण्याआधी घरात तीन कामे करून घ्या: झोपण्याच्या खोलीला लागून कमोडचे शौचालय, तिथे आणि पायऱ्यांना धरायला कठडे, आणि रात्री वीज गेली तरी चालू राहील असा दिवा. घराला रंग देण्याआधी ही कामे व्हायला हवीत.

*वीज.* वादळी पावसात वीज तासन्‌तास जाऊ शकते. झोपेत श्वासासाठी यंत्र लागणाऱ्यांना किंवा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असणाऱ्यांना पर्यायी वीज आणि भरलेला सिलिंडर असल्याशिवाय पावसाळ्यात गावी राहणे धोक्याचे आहे. इन्सुलिनचे न उघडलेले पेन किंवा कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. वापरात असलेली बहुतेक इन्सुलिने २५ ते ३० अंशांपर्यंत साधारण चार आठवडे टिकतात. नेमकी मुदत पाकिटावर पाहा. देशावर मातीच्या मडक्यात इन्सुलिन गार राहते, कारण तिथली हवा कोरडी असते आणि पाणी भराभर वाळते. कोकणातल्या दमट हवेत मडके तितके गार होत नाही. त्यामुळे मडक्याच्या भरवशावर राहू नका. महिन्याला पुरेल एवढेच इन्सुलिन घरी ठेवा आणि छोट्या इन्व्हर्टरचा खर्च औषधाच्या खर्चात धरा.

*श्वास.* ओल आणि बुरशी यांनी दमा उसळू शकतो. बंद ठेवलेल्या घरात पावसाळ्याच्या तोंडावर राहायला येऊ नका. आधी घर उघडून, उन्हे देऊन, भिंती कोरड्या करून घ्या. स्वयंपाकघरात चुलीचा धूर कोंडत असेल, तर गॅसवर स्वयंपाक करा.

*ताप.* शेतात, चिखलात, गोठ्यात वावर असेल, तर पावसाळ्यातला ताप लेप्टोस्पायरोसिसचा असू शकतो. पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे ही लक्षणे असतील, तर एक दिवसही घरी काढू नका. पायांना जखम असताना चिखलात उतरू नका आणि गमबूट वापरा. प्रतिबंधक गोळीची गरज आहे का, हे आरोग्य केंद्रात विचारा. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दोडामार्ग-सावंतवाडी भागात माकडतापाचा धोका असतो. २०१६ पासून या पट्ट्यात त्याचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीतून पसरतो. काजूच्या बागेत किंवा रानात पाला गोळा करायला जाताना पूर्ण अंगभर कपडे घाला आणि परत आल्यावर अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ करा. परिसरात माकड मेलेले दिसले, तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

*ताटातले बदल.* गावी आल्यावर सुका बांगडा, खारातली मिरची, लोणचे रोजचे होते आणि मिठाचे प्रमाण नकळत वाढते. रक्तदाब किंवा हृदयाची दुर्बलता असणाऱ्यांना त्याने पायांवर सूज आणि धाप येऊ शकते. सुकी मासळी भिजवून धुतली तर मीठ कमी होते, पण सगळे जात नाही. ताजी मासळी मिळणाऱ्या गावात सुकी कधीतरीच खा. मधुमेहींनी आंबा-फणस अजिबात सोडायला नको, पण त्या दिवशी भात कमी करा आणि साखर तपासून बघा. पावसाळ्यात विहिरीचे पाणी उकळून प्या.

या यादीने घाबरून जाऊ नका. गावात रोजचे चालणे होते, ओळखीची माणसे दारावरून हाक मारतात, वाहनांचा धूर नसतो, आणि मनाला स्वस्थता असते. अनेकांचा रक्तदाब आणि झोप गावी सुधारते. वरच्या प्रत्येक अडचणीवर उपाय आहे. तो आधी करावा लागतो, एवढेच.

मुलांकडे परदेशात जाण्याचा विचार असेल तर

मुलांच्या देशात वैद्यकीय सेवा उत्तम असते, म्हणून ती आपल्यालाही मिळेल असे अनेक पालक गृहीत धरतात. पण सेवा असणे आणि तुम्हाला तिचा हक्क असणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

- *कॅनडा:* पालकांसाठीच्या सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. मात्र किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एका वर्षाचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो. तिथली सरकारी आरोग्य सेवा या व्हिसावरच्या पालकांना सहसा मिळत नाही.
- *अमेरिका:* पर्यटक व्हिसावर एका वेळी सहसा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. पाहुण्यांसाठीचे विमे जुन्या आजारांना वगळतात किंवा अगदी मर्यादित संरक्षण देतात. ग्रीन कार्ड मिळाले, तरी तिथे नोकरी न केलेल्या ज्येष्ठांना मेडिकेअर विमा हप्ता भरून घेण्यासाठीही सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते.
- *ब्रिटन:* भेटीसाठी गेलेल्या पालकांना रुग्णालयात दाखल झाल्यास सरकारी सेवेच्या ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी होते.
- *आखाती देश:* वास्तव्याचा परवाना बहुधा मुलाच्या नोकरीशी आणि उत्पन्नाशी बांधलेला असतो. त्याची नोकरी गेली, तर तुमचा मुक्कामही संपतो. दुबईत वास्तव्यासाठी आरोग्य विमा सक्तीचा आहे, आणि वयस्करांसाठी त्याचा हप्ता जास्त असतो.

नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या अधिकृत माहितीवरून खात्री करा. विमा घेताना एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा: "माझ्या मधुमेहामुळे किंवा आधीच्या स्टेंटमुळे काही झाले, तर तुम्ही किती रक्कम द्याल?" आजार लपवून घेतलेला विमा नेमका गरजेच्या वेळी नाकारला जातो.

औषधांचीही काळजी घ्या. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेली खोकल्याची औषधे, अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या आणि प्रीगाबालिन यांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. आधी परवानगी लागते. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव नको, औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडच्या 'दोन औषधे एका गोळीत' प्रकारच्या अनेक गोळ्या तिकडे मिळत नाहीत.

आणि मनाचे आरोग्य. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, शेजाऱ्यांची भाषा वेगळी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तुम्ही काय करणार? सुरुवातीचे कौतुक ओसरल्यावर झोप न लागणे, भूक मंदावणे, कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. नातवंडे सांभाळण्यासाठी जात असाल, तर कामाचे तास आणि सुट्टीही आधी मोकळेपणाने बोलून ठरवा. यात अवघडण्यासारखे काही नाही.

विमा निवृत्तीआधी, नंतर नाही

कंपनीचा सामूहिक विमा बहुधा निवृत्तीच्या दिवशी संपतो. तो त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलता येतो का, हे निदान दोन महिने आधी विचारा. तसे झाले तर आधीची वर्षे मोजली जाऊ शकतात. १ एप्रिल २०२४ पासून आरोग्य विमा घेण्यासाठीची ६५ वर्षांची मर्यादा राहिलेली नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा झाला आहे. तरी ती तीन वर्षे जेवढ्या लवकर सुरू होतील तेवढे बरे. परदेशात राहणार असाल तरी भारतातली पॉलिसी बंद करू नका. ती सहसा भारताबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाही, पण परत यायची वेळ आली तर तीच आधार असते.

मागे राहणाऱ्याचा विचार

हा भाग वाचायला अवघड आहे, पण सगळ्यांत महत्त्वाचा आहे. दोघांनी मिळून घेतलेला निर्णय शेवटची काही वर्षे एकालाच निभवावा लागतो. गावी यायची ओढ बहुधा ज्याचे ते जन्मगाव आहे त्याला जास्त असते, आणि घरकाम, पाहुणे, देवकार्य यांचा भार मात्र दुसऱ्यावर पडतो. गुडघे दुखत असताना विहिरीचे पाणी कोण काढणार? गाडी चालवता येणारा गेला किंवा अंथरुणाला खिळला, तर दुसऱ्याला बँकेत आणि दवाखान्यात कोण नेणार?

म्हणून एकमेकांना वेगवेगळे विचारा: "मी नसताना तू इथे राहशील का?" उत्तर "नाही" असेल, तर गावी जायचे नाही असा त्याचा अर्थ होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की मुंबईतले घर विकायचे नाही, किंवा पुढची जागा आताच ठरवायची. साठ ते पंच्याहत्तर गावी आणि त्यानंतर मुलीच्या जवळ, असा टप्प्यांचा निर्णय अनेकांसाठी सर्वांत शहाणपणाचा ठरतो. परदेशातून परत येण्याबाबतही तेच: प्रवास झेपतो तोवर परत या. ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाला विमानाने आणणे फार अवघड आणि खर्चिक असते.

गंभीर आजारात कुठवर उपचार करायचे, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो दस्तऐवज साक्षांकित करता येतो. मुले वेगवेगळ्या देशांत असतील, तर मध्यरात्रीच्या फोनवर त्यांच्यात होणारा वाद त्याने टळतो.

एक वर्षाची तालीम

घर न विकता, सामान न हलवता एक वर्ष राहून बघा. परदेश असेल तर निदान एक पूर्ण हिवाळा. या काळात खालील गोष्टी तपासा:

१. सगळी औषधे जवळपास मिळाली का, की दर वेळी मुंबईहून मागवावी लागली?
२. जवळचे एक डॉक्टर 'आपले' झाले का, ज्यांच्याकडे तुमची फाइल आहे?
३. एकदा दुपारी आणि एकदा पावसात, ठरवलेल्या रुग्णालयापर्यंत गाडीने जाऊन वेळ मोजला का?
४. वजन, रक्तदाब, साखर यांत काय फरक पडला?
५. आठवड्यातून किती जणांशी समोरासमोर बोलणे झाले?
६. दोघांपैकी एक जण आठवडाभर बाहेर गेला, तेव्हा दुसऱ्याने सगळे निभावले का?

सहावा प्रश्न मुद्दाम करून बघा. त्याचे उत्तर बाकी पाचांहून जास्त सांगून जाते.

निघण्याआधी उरकायची कामे

- मोतीबिंदू, दात, हर्निया अशी लांबवलेली कामे ओळखीच्या डॉक्टरांकडे पूर्ण करा.
- इन्फ्लुएन्झा, न्यूमोकॉकल आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल विचारा.
- आजार, औषधे, अॅलर्जी, रक्तगट, जुने ईसीजी आणि स्टेंटचे कागद यांची एक फाइल करा. तिचे फोटो मुलांकडे ठेवा.
- तुमच्या जुन्या तज्ज्ञांकडून पुढच्या डॉक्टरांसाठी पत्र घ्या, आणि फोनवर सल्ला मिळेल का ते विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*स्टेंट बसवून किती दिवसांनी गावी जाता येईल?*
हे झटक्याच्या तीव्रतेवर आणि हृदयाच्या क्षमतेवर अवलंबून आहे. पहिला पाठपुरावा झाल्यावर डॉक्टरांना विचारून ठरवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून एक दिवसही बंद करू नका. गावी गोळी न मिळणे हे बंद करण्याचे कारण असू शकत नाही.

*आईला विसरायला होते. तिला गावच्या घरी ठेवले तर बरे वाटेल का?*
ओळखीची जागा कधी कधी मदत करते. पण उघडी विहीर, खाडी आणि सताड उघडी दारे यांमुळे एकटे ठेवणे धोक्याचे आहे. सोबत पूर्णवेळ माणूस असेल तरच विचार करा.

*निर्णय चुकला असे वाटले तर?*
परत फिरा. जागा बदलली म्हणजे हार झाली असे नाही. गावकऱ्यांना काय वाटेल किंवा मुलाला वाईट वाटेल म्हणून तब्येतीला न मानवणाऱ्या ठिकाणी राहू नका.

आरोंद्याची पडवी, ठाण्याचा फ्लॅट की टोरोंटोची खोली, हे शेवटी तुमचे मन ठरवील, आणि ते तसेच असावे. फक्त मनाने कौल देण्याआधी वरचा कागद दोघांनी मिळून भरा आणि पुढच्या तपासणीला जाताना तो डॉक्टरांकडे घेऊन जा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबाबतचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.*